जिताड्याचं डोकं

पणजीच्या धक्क्यावर कस्टमच्या शिपायाने नीराबाईच्या पिशवीतले सुके बोंबील एकेक करून हुंगले, आणि तिथपासूनच तिचं त्या मुलखाशी बिनसलं. माड आपल्याकडचेच, खाडीचा वासही तोच, माणसांची बोली अर्धीमुर्धी कळत होती. पण खांबावरचा झेंडा दुसऱ्याचा होता. इंग्रज जाऊन सहा वर्षं झाली तरी इथले पोर्तुगीज साहेब अजून जागेवरून हलले नव्हते. शिपायाने बोंबील परत दिले तेव्हा त्यातले सात कमी होते. तिने मोजले होते.

"सात गेले," ती नवऱ्याला म्हणाली.

काळूराम वडिलांना धक्क्याच्या पायरीवरून चढवत होता. मांडव्याहून लाँच, मग भाऊच्या धक्क्यावरून कोकणबोट, असा दीड दिवसाचा प्रवास झाला होता, आणि एवढ्या वेळात तो तिच्याशी चार वाक्यं बोलला होता. बाकी सगळा वेळ तो वडिलांच्या उजव्या अंगाला बसून होता, म्हाताऱ्याला धरून चढवत होता, धरून उतरवत होता. नीराबाईला त्याचाही राग येत होता. म्हातारा सोन्याचा घडा असल्यासारखा सांभाळायचा, आणि तो घडा ओतला जाणार धाकट्या दिराच्या घरी.

त्यांच्या वाडीत मचव्याचा तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, बदलतो तेव्हा कागद होत नाही. घरच्या जेवणात मोठा मासा शिजतो. जुना तांडेल त्याचं डोकं आपल्या हाताने उचलतो आणि ज्याच्या ताटात ठेवतो तो त्या दिवसापासून तांडेल. त्याने ते खाल्लं की विषय संपला. पुढे कोणी पंचांकडे जात नाही, भाऊ भावाशी भांडत नाही, खलाशी नव्या माणसाचा हुकूम मानतात. नीराबाईचे सासरे बाळाजी यांनी दसऱ्यालाच सांगून टाकलं होतं की साठी झाली की मी डोकं देणार. कोणाला, ते सांगितलं नव्हतं. सांगायची गरज नाही असं नीराबाई धरून चालली होती. काळूराम सतरा वर्षं त्या मचव्यावर होता. धाकटा सदा एकोणिसाव्या वर्षी जाळं सोडून मार्मागोव्याच्या गोदीत इंजिनं दुरुस्त करायला पळाला होता.

मग सदाचं पत्र आलं. बाबांची साठी मी करतो, सगळ्यांनी गोव्याला या, नाताळात इथल्या हॉटेलात आठ पदार्थांचं जेवण असतं. मचवा तेल द्यायला किनाऱ्यावर ओढलेलाच होता, त्यामुळे नाही म्हणायला कारणही उरलं नाही. नीराबाईने ते पत्र मास्तरांकडून दोनदा वाचून घेतलं. साठी घरी करायची सोडून परमुलखात का? कारण तिथे खलाशी नसतील, वाडीतलं कोणी नसेल, आणि डोकं कोणाच्या ताटात पडलं हे तोंडाने सांगायला फक्त घरची माणसं असतील.

हॉटेल मांडवी नदीकाठी होतं. छताला कागदाच्या चांदण्या टांगल्या होत्या, टेबलांवर पांढरी कापडं, आणि प्रत्येकापुढे तीन काटे, दोन सुऱ्या, दोन चमचे. बाळाजी मध्ये बसले, अंगात लग्नातला कोट, डोक्याला तांबडी टोपी. त्यांच्या उजवीकडे काळूराम, डावीकडे सदा. समोर दोघी जावा. सदाच्या बायकोने, केसरने, पायांत बूट घातले होते आणि केसांना आकडे लावले होते. चार वर्षांपूर्वी हीच केसर रेवसच्या धक्क्यावर कोलंबी सोलत बसायची.

पहिलं आलं सूप. म्हाताऱ्याने बशी दोन्ही हातांनी धरली, डाव्या हाताचा अंगठा पहिल्या सांध्यापर्यंत सुपात बुडाला, चटका बसला तेव्हा त्याला कळलं. काळूरामने हळूच बशी सरकवून चमचा त्याच्या हातात दिला. केसर नीराबाईकडे वाकली.

"जाऊबाई, पाव बुडवून खायचा न्हाय. हसतात हितं."

"हसू दे. बाजारात माझ्यावर हसणाऱ्या बाया संध्याकाळी उरलेले सोडे माझ्याकडंच मागतात."

"मी आपलं सांगितलं."

"व्हय, तू सांगतेसच. रेवसला असताना तुला चमचा म्हणजे काय ते कुणी सांगितलं होतं?"

सदा हसला आणि बाळाजींनाही सांगितलं की दोघी कशा बोलतायत बघा. तो सारखा म्हाताऱ्याशी बोलत होता: सरकारचं मासेमारी खातं आता मचव्यांना इंजिनं देणार आहे, वाऱ्याची वाट बघायचे दिवस गेले, ज्याला यंत्र कळतं त्याचाच मचवा पुढे जाईल. मध्येच त्याने काळूरामला विचारलं की दादा, तुला नट आणि बोल्ट यात फरक कळतो का. काळूराम म्हणाला, कळतो.

सुपानंतर तळलेली कटलेटं आली, ती उचलून झाल्यावर भात, मग कोंबडी. प्रत्येक वेळी रिकाम्या बश्या जायच्या, नव्या यायच्या आणि मध्ये वाट बघायची. नीराबाईला ही वाढण्याची तऱ्हा समजेना. आपल्याकडे पंगतीत सगळं एका ताटात येतं, माणूस हवं ते हवं तेव्हा खातो. इथे पुढचं काय ते स्वयंपाकघर ठरवणार आणि तोवर समोरच्या माणसाचं तोंड बघायचं. कोंबडीच्या वेळी तिने वाढप्याला विचारलं की हे नक्की कोंबडंच आहे ना. कायतान नावाचा तो चाळिशीतला माणूस अदबीने म्हणाला, बाय, कोंबोच. केसरने कपाळाला हात लावला.

पलीकडच्या टेबलावर एका पाद्र्याबरोबर वीसेक माणसं जेवत होती. त्यांचं जेवण यांच्या एक पदार्थ पुढे चाललं होतं. त्यांच्याकडे मोठ्या लांबट थाळीत एक अख्खा मासा येऊन गेला होता. नीराबाईची नजर मासळीकडे आपोआप जायची. डोकं जिताड्याचं होतं, आणि खालचा ओठ डाव्या बाजूला फाटलेला होता, गळ ओढून काढताना फाटतो तसा. धड आणि शेपटी मात्र कुठल्याशा पांढऱ्या लेपाखाली होती. त्या लोकांनी लेपासकट धड संपवलं, आणि डोकं तसंच थाळीत परत गेलं. जिताड्याचं डोकं टाकून देणारी माणसं तिने पहिल्यांदा पाहिली.

मग त्यांच्या टेबलाकडे कायतान थाळी घेऊन आला. तसलाच मासा. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत पांढरा गुळगुळीत लेप, त्यावर बिटाची लाल फुलं आणि हिरवे वाटाणे. पुढे डोकं.

सदाने थाळी म्हाताऱ्यापुढे ठेवायला सांगितली. टेबलावर सगळ्यांचे हात थांबले. सासऱ्यांनी टोपी सारखी केली, म्हणजे आता देणार.

"साठ वर्षं झाली," बाळाजी म्हणाले. "सुकाणू जड झालंय. आता मचव्यात यंत्र येणार, तर यंत्र कळणारा माणूस पुढं पायजे. काळू हाय, त्याने साथ द्यावी."

त्यांनी हात थाळीवर नेला, लेपाच्या कडेने बोटं फिरवली, डोकं सापडलं, ते दोन्ही हातांनी उचललं आणि तोललं. "पाच शेराचा जिताडा," ते म्हणाले आणि डोकं डावीकडे सदाच्या बशीत ठेवलं.

काळूरामने मांडीवरचा रुमाल उचलला, त्याची चार पदरी घडी केली, कड कडेला लागली की नाही ते पाहिलं आणि ती टेबलावर ठेवली. सतरा वर्षांचा त्याचा राग एवढाच. नीराबाईला त्याच्या त्या घडीची चीड आली. सदाने गालफडाचं मांस काढायला काटा उचलला.

तेवढ्यात कायतान मध्ये वाकला. "पात्रांव, तें खावपाचें न्हय. तें सोबेक."

म्हणजे डोकं शोभेपुरतं. सदा म्हणाला की मासा आमचा आहे, आम्ही मागवलाय. कायतान ओशाळला, पण हटला नाही. धड खा, पाहिजे तर आणखी देतो. डोकं मात्र स्वयंपाकघराचं. अंगणात अजून एक मोठं टेबल आहे, त्यांचा मासा जायचाय. तो बशीकडे हात नेऊन तसाच उभा राहिला.

नीराबाई हसली. हसू आधी आलं आणि मग तिला कळलं की आपल्या हातात काय आलंय. तिने पुढे होऊन डोक्याचा खालचा ओठ पाहिला. डाव्या बाजूला फाटलेला होता. मग तिने थाळीतल्या लेपाखाली बोट घातलं, मांसाचा एक धागा ओढला, तो दोन बोटांत चोळला आणि हुंगला. एक काटा नाही. व्हिनेगरच्या खालून तो उग्र वास, जो कितीही धुतला तरी मुशीसारख्या हलक्या मासळीला सोडत नाही.

"मामंजी, हे डोकं ह्या माशाचं न्हाय," ती म्हणाली. "धड मुशीचं हाय. मघाशी ह्याच डोक्याने त्या टेबलावर मिरवून घेतलं, आता हितं आलंय. मचवा असा देतात व्हय? मुशीच्या अंगावर बसवलेल्या, दुसऱ्याच्या उष्ट्या डोक्यावर?"

केसर म्हणाली की जाऊबाईंना बघवत नाही, म्हणून मासाच खोटा ठरवतात. नीराबाई म्हणाली की तू स्वतः चाखून बघ, रेवसची आहेस, जीभ तरी बाटली नसेल. केसरने चाखलं, आणि तोंडातला घास रुमालात टाकला.

पण बाळाजी चिडले. चाळीस वर्षं मासळी पाहणाऱ्याला सून मासे शिकवणार, हे त्यांना सहन होईना.

"गप बस. थाळी आली तेव्हाच मी बघितला. आख्खा जिताडा हाय. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत खवलं कशी चकाकत होती."

पाचही जणांच्या मधोमध तो मासा पडला होता, पांढराफटक, आणि त्याच्या अंगावर एकही खवलं नव्हतं.

सदाने काटा खाली ठेवला. थाळीवरचं बिटाचं एक फूल चमच्याने उचलून त्याने म्हाताऱ्याच्या तोंडासमोर, वीतभर अंतरावर धरलं.

"बा, हे काय हाय?"

बाळाजींनी त्याच्या आवाजाकडे तोंड वळवलं. चमच्याकडे नाही. त्यांचा हात वर आला, चमच्याच्या डावीकडून हवेत गेला आणि परत मांडीवर पडला.

"पुरे," काळूराम म्हणाला.

"कधीपासून?" सदाने विचारलं. म्हाताऱ्याला नाही, भावाला.

"दोन वर्षं. आधी उजवा डोळा. मागच्या वर्षीच्या पावसाळ्यापासून डावापण."

नीराबाईच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. वाडीत खलाशी काळूरामची थट्टा करायचे, की हा मचव्यावर शाळेतल्या पोरासारखा पाठ म्हणतो: खांदेरीचा दिवा उजवीकडे आला, कनकेश्वराचा डोंगर दिव्याच्या मागे गेला, आता खाली दोन वाव पाणी. सगळ्यांना वाटायचं, बापाची मर्जी राखायला बोलतो. तो बापाचे डोळे झाला होता. म्हणजे दोन वर्षं मचवा तोच चालवत होता, सुकाणूवर हात तेवढा म्हाताऱ्याचा. तिची छाती फुगली. एवढा माणूस, आणि तोंडातून अवाक्षर नाही.

"म्हणजे तांडेल हेच," ती मोठ्याने म्हणाली. "दोन वर्षं हेच तांडेल. आणि डोकं द्यायला निघालात त्याला, ज्याला वल्हं सोडून सात वर्षं झाली."

सदा खुर्चीत मागे टेकला. तो रागावला नव्हता. एखादं बंद पडलेलं यंत्र उघडल्यावर बिघाड सापडावा तसा त्याचा चेहरा झाला होता, आणि ते पाहून नीराबाईला पहिल्यांदा भीती वाटली.

"वहिनी, बरोबर बोललात. दोन वर्षं आंधळ्या तांडेलच्या भरवशावर नऊ माणसं दर्यात जातात, आणि दादाला ते ठाऊक. आता मला सांगा, धर्माचा पाय कसा मोडला?"

धर्मा नीराबाईचा धाकटा भाऊ. गेल्या माघात खांदेरीच्या खडकाला मचवा घासला, डोलकाठीचा ताणलेला दोर तुटला, आणि काठीखाली धर्माचा पाय गुडघ्यापाशी चिरडला. प्रवाह अचानक फिरला असं सगळ्या वाडीला सांगितलं होतं. धर्मा आता काठीने चालायचा आणि बहिणीकडे आला की एकच गोष्ट बोलायचा, की दोर मी वेळेवर सोडायला हवा होता, चूक माझी.

नीराबाईने नवऱ्याकडे पाहिलं. काळूरामने मान वर केली नाही.

"मी जाळ्यापाशी होतो," तो म्हणाला. "फाटलं होतं. हाक मारायला उशीर झाला."

"प्रवाह फिरला होता का?"

"न्हाय."

"आणि मी वर्षभर त्याचा पाय शेकते. तुम्ही बाजूला बसून बघता."

कायतान अजून बशीशी उभा होता; सदाने न पाहता डोकं त्याच्या हातात दिलं, आणि तो ते दोन्ही हातांनी धरून घाईघाईने अंगणाकडे गेला.

मग सदा हळू आवाजात बोलू लागला, समजुतीने, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. ही गोष्ट वाडीत गेली तर दादाबरोबर कोणी खलाशी दर्यात पाऊल टाकणार नाही. बाबांना कोणी दारात उभं करणार नाही. तेव्हा असं करू. डोकं मला दिलं असं सांगायचं, कुठल्या माशाचं ते कोण विचारतंय. मी इंजिन घेऊन येतो, नावाला तांडेल मी. सुकाणू दादाच्या हातात, आज आहे तसंच. बाबा साठीचे म्हणून घरी बसले. धर्माला काही कळायचं कारण नाही. मचवा घरातच राहतो, पोट सगळ्यांचं भरतं.

बाळाजींनी मान हलवली. केसरने मान हलवली. आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच काळूरामने बायकोकडे नीट पाहिलं. ती नजर तिला ओळखू आली. बाजारात गिऱ्हाईक भाव मान्य करतं तेव्हा असंच बघतं, वरून नाखूष आणि आतून सुटलेलं. त्याला हे चालणार होतं. सुकाणू हातात राहणार होतं, आणि आणखी दोन वर्षं गप्प बसायचं त्याला काही जड नव्हतं.

तिलाही हिशेब कळत होता. मचवा घरात राहत होता. मांडव्यापासून अलिबागपर्यंत ज्या मचव्याच्या मासळीवर तिचं नाव चालायचं तो हातचा जात नव्हता. फक्त तोंड मिटायचं होतं. मघाशी ते मिटलं असतं, तर हे काही घडलंच नसतं.

"धर्मा माझ्या घरी आला की विचारतो," ती म्हणाली. "ताई, दोर मी उशिरा सोडला का गं. मी त्याला सांगते, झालं ते झालं. आता परत विचारील तेव्हा काय सांगू?"

"तेच सांग," काळूराम म्हणाला.

"न्हाय सांगणार. घरी गेल्यावर पहिलं त्याच्याकडं जाईन."

"नीरा, मचवा जाईल."

"जाऊ दे."

"सतरा वर्षं..."

"त्याचा पाय गेला. तुमचं काय गेलं?"

काळूरामने टेबलावरची रुमालाची घडी मुठीत चुरगळली. कपाळावरची शीर उठून आली होती. सदा म्हणाला की वहिनी शुद्धीवर नाहीत, बोटीत शांत होतील. नीराबाईने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

बाळाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. उघड्या डोक्याने ते एकदम दहा वर्षांनी म्हातारे दिसले, आणि बोलले ते टेबलावरच्या कापडाशी.

"ती सांगणार असली तर मी वाडीत येत न्हाय. धर्माच्या बापासोबत मी जाळी विणली. कुठल्या तोंडानं जाऊ? सदा, मी तुझ्याकडं राहतो."

केसरचा चेहरा उतरला. तिने बुटांतले पाय खुर्चीखाली ओढून घेतले आणि नवऱ्याकडे पाहिलं. सदा पटकन म्हणाला की आमच्याकडे एकच खोली आहे बा, आणि तीही गोदीवाल्यांची, आणि माझ्या पाळ्या रात्रीच्या असतात. मघापासून मचव्याची, इंजिनाची, पुढल्या दिवसांची जी भाषा चालली होती ती थांबली. आंधळा बाप कोणी ठेवायचा एवढाच प्रश्न उरला, आणि त्याला दोन्ही भाऊ उत्तर देईनात.

"मामंजी आमच्याबरोबर येतील," नीराबाई म्हणाली. "मी सांगणार, आणि ते ऐकणार. धर्मा त्यांच्यासमोर बसून ऐकेल. पळून कुठं जायचं न्हाय कोणी."

हे तिने प्रेमाने म्हटलं नव्हतं, आणि टेबलावर कोणाचा तसा गैरसमजही झाला नाही. काळूरामने खुर्ची मागे सरकवली, तो उठला आणि खिडकीपाशी जाऊन टेबलाकडे पाठ, नदीकडे तोंड करून उभा राहिला.

मधले दोन पदार्थ आले तसे परत गेले, आणि आठवा आला. नारळाच्या रसाची आणि अंड्याची थरांवर थर लावून भाजलेली मिठाई, बिबिंक. कायतानने पाच बश्यांत पाच सारखे तुकडे ठेवले, उभ्या माणसाच्या जागेवरही एक. कोणी हात लावला नाही. नीराबाईने आपला तुकडा काट्याशिवाय, बोटांनी, सगळा खाल्ला, बोटं पांढऱ्या कापडाला पुसली आणि मुंबईची बोट उद्या किती वाजता सुटते ते कायतानला विचारलं.